वाचकांचे प्रश्न : जाळी, जेवण आणि संध्याकाळचा खेळ

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, माझे पती, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशी चार माणसे आहोत. गंगापूर रोड भागात एक ताई रस्त्यावर सापडलेल्या मांजरांना चांगले घर मिळेपर्यंत स्वतःच्या घरी फॉस्टर म्हणून सांभाळतात. त्यांच्याकडे पाच महिन्यांचा एक केशरी बोका आहे. लसी झालेल्या आहेत, प्रकृती उत्तम आहे आणि स्वभाव अतिशय खेळकर आहे. मुलाने तर त्याचे नावही ठरवून ठेवले आहे. मात्र ताईंच्या अटी बऱ्याच आहेत. बाल्कनीला व खिडक्यांना जाळी बसवावी, महिन्याभरात बोक्याची नसबंदी करून घेऊ असे लिहून द्यावे, त्यांना एकदा आमचे घर पाहू द्यावे आणि पुढे कधी मांजर नकोसे झाले तर ते परस्पर कोणाला न देता त्यांच्याकडेच परत आणावे. माझ्या पतींना हे अपमानास्पद वाटते; रस्त्यावरच्या मांजराला आपण घर देतो आहोत, तर परीक्षा आपलीच कशासाठी, असे ते म्हणतात. शिवाय आम्ही शाकाहारी आहोत. सासूबाईंच्या माहेरी मांजरे दूध-भातावर वाढली, तेव्हा तेवढे पुरेल असे त्यांना वाटते. आणखी एक शंका अशी, की आम्ही भेटायला गेलो तेव्हा हा बोका पायांवर झडप घालत होता आणि मुलाच्या हाताला दात लावत होता. मोठेपणी तो चावरा निघेल का? त्याला आणावे की आणू नये?
— एक वाचिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बोक्याला अवश्य आणावे, असे माझे मत आहे. मात्र आपण अटींना अडचण मानले आहे आणि खेळकरपणाला केवळ आनंदाची बाब मानले आहे, तेथे थोडा फेरविचार करावा. अटी आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ण होतील. खेळकर बोका मात्र रोज सकाळी आणि संध्याकाळी आपल्याकडे वेळ मागणार आहे, आणि तो वेळ त्याला मिळाला नाही तर आज ज्या गुणावर मुलगा भाळला आहे, त्याच गुणाबद्दल काही महिन्यांनी घरात कुरकुर सुरू होईल. म्हणून त्याच्याशी रोज कोण खेळणार, हे आणण्यापूर्वीच ठरवून घ्या.

आता आपल्या पतींचा आक्षेप. ज्या ताईंनी या पिलाला आजारातून आणि भीतीतून बाहेर काढले, ठरलेल्या अंतराने लसी दिल्या आणि माणसांत राहायला शिकवले, त्या आपल्या ऐपतीची परीक्षा घेण्यासाठी घरी येणार नाहीत. ग्रिलच्या कोणत्या फटीतून मांजर निसटेल, जिन्याचे दार किती वेळा उघडे राहते, वॉशिंग मशीनचे झाकण उघडे टाकण्याची सवय आहे का, असल्या गोष्टी सरावलेल्या नजरेला पटकन दिसतात. त्या दिवशी पतींनी घरी थांबून त्यांच्याबरोबर खोल्या फिराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अर्ध्या तासात त्यांचा राग निवळेल असे मला वाटते, कारण काळजीने विचारलेला प्रश्न समोरासमोर ऐकला की ओळखू येतो.

जाळीची अट मात्र मुळीच सैल करून घेऊ नका. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते आणि त्याला काही होत नाही, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या पशुरुग्णालयात पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे उपचारासाठी आली; त्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेक वाचली, पण बहुसंख्य मांजरांच्या छातीला मार बसलेला होता आणि अनेकांचे जबडे व पाय मोडलेले होते. जी जागीच गेली, ती रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे. मांजर वळून पायांवर येते हे खरे, पण तिसऱ्या मजल्यावरून पडल्याचा धक्का त्याच्या पायांना आणि छातीला सोसवत नाही. अशा घटना उन्हाळ्यात वाढतात, कारण तेव्हा खिडक्या उघड्या राहतात. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेले घर संध्याकाळच्या वाऱ्यासाठी सताड उघडण्याची आपली सवय आणि मांजराची खेळण्याची वेळ नेमकी एकच असते. समोरच्या तारेवर कबुतर बसले की खेळकर मांजराला कठडा कोठे संपतो याचे भान राहत नाही. डासांसाठी लावलेली जाळी त्याच्या वजनाने निघते किंवा नखांनी फाटते. तारांचे नवे ग्रिल दिसायला छान असते, पण पाच महिन्यांचे मांजर दोन तारांमधून सहज निसटू शकते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालेल, मात्र ती जाड दोऱ्याची आणि चारही बाजूंनी ताणून बसवलेली असावी, खाली फट नसावी आणि ती कोठे कुरतडली गेली आहे का हे अधूनमधून पाहावे. बोका घरात येण्यापूर्वी हे काम पूर्ण व्हायला हवे. आल्यावर बसवू म्हटले की ते राहून जाते.

नसबंदीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. पाच-सहा महिन्यांचा बोका वयात येऊ लागतो. त्यानंतर भिंतीवर व पडद्यांवर उग्र वासाची मूत्रफवारणी करणे, रात्री ओरडणे, बाहेर पळण्याची धडपड आणि इतर बोक्यांशी मारामाऱ्या सुरू होऊ शकतात, आणि मारामारीतल्या चाव्यांतून मांजरांची प्रतिकारशक्ती ढासळवणारा विषाणू पसरतो. बोक्याची शस्त्रक्रिया लहान असते आणि तो बहुधा त्याच दिवशी घरी येतो. ताई लेखी का मागतात, तेही समजून घ्या. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. ती नकोशी पिल्ले शेवटी फॉस्टर घरांच्याच दारात येतात. परत आणून देण्याची अटही याच अनुभवातून आलेली आहे. नको झालेले मांजर मासळी बाजाराजवळ किंवा एखाद्या मंगल कार्यालयामागे सोडले की त्याची सोय झाली, असे काही लोक मानतात. घरात वाढलेल्या मांजराला तेथे ना अन्न शोधता येते, ना कुत्र्यांपासून जीव वाचवता येतो. उपासमार व्हावी अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

जेवणाबद्दल सासूबाईंचे म्हणणे आदराने, पण स्पष्टपणे बाजूला ठेवावे लागेल. त्यांच्या माहेरची मांजरे दूध-भात खात असतील यात शंका नाही, पण ती वाड्यात, परसात आणि धान्याच्या कोठीत मोकळी फिरत, उंदीर, पाली व पाखरे मारून आपली गरज भागवत. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत त्याला उंदीर मिळणार नाही. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच पुरेसा मिळतो, स्वतःच्या शरीरात तो पुरेसा तयार होत नाही, आणि त्याची कमतरता दीर्घकाळ राहिली तर डोळ्यांचा पडदा निकामी होतो व हृदयाचे स्नायू दुबळे होतात. टॉरिन दिल्यावर मांजरांचा हा हृदयविकार सुधारतो, हे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी दाखवून दिले, तेही १९८७ सालीच. दुधाचे म्हणाल, तर मोठ्या होत चाललेल्या बहुतेक मांजरांना त्यातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. याचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरात मांस शिजवावे लागेल असा मुळीच नाही. मांजराच्या पिलांसाठी मिळणारे तयार कोरडे खाद्य आणि सोबत पाकिटातले ओले खाद्य यांवर बोका उत्तम वाढतो. त्याची ताटली, चमचा आणि डबा वेगळा ठेवून बाल्कनीजवळच्या कोपऱ्यात जागा ठरवून दिली, की सासूबाईंच्या ओट्याला त्याचा स्पर्शही होणार नाही. पण ही पाकिटेही घरात नकोत, असे घरातल्या कोणाला मनापासून वाटत असेल, तर मांजर आणू नका. त्याला शाकाहारी करण्याचा प्रयत्न करणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल.

आता चावरेपणाची शंका. पाच महिन्यांचे मांजर पायांवर झडप घालते ते रागाने नव्हे. दबा धरणे, झेप घेणे, पकडणे आणि चावणे हा शिकारीचा क्रम त्याच्या अंगात उपजत असतो आणि हलणारी वस्तू दिसली की तो सुरू होतो. भावंडांत वाढणारे पिल्लू जोरात चावले की दुसरे ओरडते आणि खेळ थांबवते, त्यातून दात किती लावायचे हे कळते. आपल्या घरात हे शिक्षण माणसांना द्यावे लागेल, आणि त्याचा नियम एकच आहे : हात आणि पाय ही खेळणी नव्हेत. मुलाने बोटे नाचवून त्याला खेळवू नये. दात लागले तर हात झटकू नये, कारण झटकलेला हात पळत्या उंदरासारखा वाटतो. तो जागीच स्थिर ठेवावा, खेळ थांबवावा आणि शांतपणे उठून जावे. मारणे, ओरडणे किंवा तोंडावर पाणी उडवणे यांनी मांजर चावायचे थांबत नाही, फक्त आपल्याला घाबरू लागते.

त्याऐवजी काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाचा गोळा बांधून घ्या. ती वस्तू त्याच्या अंगावर न नाचवता त्याच्यापासून दूर पळवा, खुर्चीच्या पायामागे लपवा, थांबवा, पुन्हा काढा, आणि अधूनमधून त्याला पकडू द्या. पकडायलाच मिळाले नाही तर मांजर चिडते. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दहा-पंधरा मिनिटे असे खेळवून लगेच जेवण द्यावे. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम असल्याने, रात्रीच्या जेवणाआधी नीट खेळलेला बोका पहाटे आपल्या पांघरुणातल्या पायांवर कमी हल्ले करतो. नऊ वर्षांच्या मुलाला ही संध्याकाळची जबाबदारी द्यायला माझी पूर्ण संमती आहे, मात्र त्याच्या परीक्षांच्या काळात ती कोण घेणार हे मोठ्यांनी ठरवावे.

खेळ संपला की दोरी कपाटात ठेवावी, ही सूचना कृपया गांभीर्याने घ्या. मांजराची जीभ आतल्या बाजूस वळलेल्या काट्यांची असते, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही आणि तो गिळला जातो. आतड्यात अडकलेला दोरा आतडे चुण्यांसारखे गोळा करतो व कापतोही. शिवणाचा दोरा, फुलपुडीचा दोरा, राखी, रबरबँड आणि संक्रांतीनंतर बाल्कनीत येऊन पडणारा मांजा, हे सगळे आपल्या घरांत सहज हाती लागते. तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. आतून इजा होते. सरळ पशुवैद्यकांकडे जावे. याच ओघात सांगते, फिनाईल, डांबराच्या गोळ्या आणि कापूर मांजरापासून दूर ठेवा, पुष्पगुच्छात लिली असेल तर तो घरात आणू नका, आणि माणसांची पॅरासिटामॉलची गोळी त्याला कधीही देऊ नका, कारण तिचा अंशही मांजराच्या जिवावर बेततो. कांदा-लसूण घातलेले पदार्थही नकोत. देवघरात समई किंवा निरांजन तेवत असताना दार लावून घ्यावे किंवा कोणी तेथे बसावे. हलत्या ज्योतीकडे खेळकर मांजर पंजा नेल्याशिवाय राहत नाही.

आणण्यापूर्वी ताईंकडे आणखी एकदा जा, आणि शक्यतो संध्याकाळी जा. दुपारी मांजर झोपलेले असते व त्याचा खरा स्वभाव दिसत नाही. तो कोणत्या वेळी धुमाकूळ घालतो, घाबरला की लपतो की पंजा मारतो, अनोळखी मुलांशी कसा वागतो, कोणती रेती वापरतो आणि काय खातो, हे त्यांना विचारा. दुकानातून किंवा रस्त्यावरून थेट आणलेल्या मांजराबद्दल हे सांगणारे कोणी नसते. फॉस्टर घराचा खरा फायदा हाच आहे. लसीकरणाचे कार्ड मागून घ्या आणि पुढच्या मात्रेची तारीख पाहा.

त्याला आणताना झाकणाच्या पिंजऱ्यातून आणावे, दुचाकीवर मांडीवर किंवा पिशवीत घालून कदापि नाही. पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. तेथे त्याच्या जुन्या घरातला एखादा टॉवेल, पाणी, खाद्य आणि त्यापासून दूर रेतीचा ट्रे ठेवावा. खाद्य आणि रेती प्रथम ताईंकडचीच असावी, नंतर खाद्य हळूहळू मिसळत बदलावे. इतका खेळकर बोकाही आल्या दिवशी पलंगाखाली बसून राहील. त्याला ओढून काढू नका. मुलाने खोलीत जमिनीवर बसून पुस्तक वाचावे, तो आपण होऊन येईल. एवढ्यात नख लागले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व डॉक्टरांना दाखवावी. मांजराला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

प्रश्न : मी आणि पत्नी, दोघेही सत्तरी ओलांडलेले, नाशिकरोडला राहतो. मुले परदेशी आहेत. फॉस्टर घरातून तीन महिन्यांचे एक खेळकर पिल्लू घेण्याचा विचार आहे, पण त्या बाई आम्हाला मोठे मांजर घ्या म्हणतात. आमच्या वयामुळे त्या टाळत आहेत का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड

उत्तर : त्या आपल्याला टाळत असतील असे वाटत नाही, त्यांचा सल्ला मला पटतो. तीन महिन्यांचे पिल्लू पडद्यावर चढते, पायांत घुटमळते आणि पहाटे चारला घरभर धावते. सत्तरीत पायात मांजर येऊन पडणे ही साधी गोष्ट नाही. एका पडण्यात खुबा मोडू शकतो. तीन-चार वर्षांचे मांजरही रोज खेळते, पण खेळून झाल्यावर शेजारी येऊन बसते, आणि त्याचा स्वभाव काय आहे हे आधीच कळलेले असते. पिलांना सगळेच मागतात. मोठी मांजरे फॉस्टर घरांत महिनोन्महिने वाट पाहत राहतात, म्हणून आपल्यासारख्या शांत आणि दिवसभर माणसे असलेल्या घराचे मोल त्यांच्यासाठी फार आहे.

एक प्रश्न मात्र नाजूक असला तरी आजच सोडवून ठेवा. घरात राहणारे मांजर पंधरा वर्षेही जगते. आपल्यापैकी कोणी रुग्णालयात दाखल झाले तर त्याला कोण पाहील, आणि पुढे कोण सांभाळील, हे एखाद्या भाचा-पुतण्याशी किंवा शेजाऱ्यांशी बोलून ठरवा व ते नाव फॉस्टर बाईंनाही कळवा. आपण आपण होऊन हे सांगितले, तर त्यांची उरलीसुरली शंकाही दूर होईल.

प्रश्न : आमच्याकडे आठ वर्षांची मांजरी आहे. तिला सोबत म्हणून फॉस्टरकडचे सहा महिन्यांचे खेळकर मांजर आणावे का?
— एक वाचिका, सिडको, नाशिक

उत्तर : केवळ तिला सोबत हवी म्हणून आणणार असाल, तर आणू नका. आठ वर्षे एकटी राहिलेल्या मांजरीला सोबतीची उणीव भासत असेलच असे नाही, आणि दिवसभर शेपटीवर झडप घालणारे तरुण मांजर तिला बहुधा जाचच वाटेल. आपल्यालाच दुसरे मांजर हवे असेल तर तिच्या वयाच्या जवळपासचे, शांत स्वभावाचे निवडावे. तरीही खेळकर मांजरच आणायचे ठरले, तर त्याच्या विषाणूंच्या चाचण्या झाल्या आहेत याची खात्री करून दोघांना सुरुवातीला वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे. एकाचे अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत नेऊन वासाची ओळख करून द्यावी, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्यावे, आणि दोघेही शांतपणे खाऊ लागल्यावरच किलकिल्या दारातून एकमेकांना पाहू द्यावे. यास काही आठवडे लागतात, क्वचित महिनेही. रेतीचे ट्रे दोन मांजरांना तीन असावेत. तरुण मांजराला आधी दुसऱ्या खोलीत खेळवून दमवले, तर भेटी पुष्कळ सुरळीत होतात. या काळात आपल्या मांजरीच्या खाण्यावर नजर ठेवा. ताणामुळे तिने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकांना दाखवा, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः अंगाने जाड असलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते काही दिवसांतच गंभीर आजारी पडते.